रिकामा ऑर्केस्ट्रा

ज्या कलेची समीक्षा करायची ती समीक्षकाला स्वतःला येऊ नये, असा आपल्याकडे एक जुना संकेत आहे. नाटकावर लिहिणाऱ्याने नाटक लिहू नये, कवितेवर लिहिणाऱ्याने कविता करू नये आणि क्रिकेटवर लिहिणाऱ्याने निदान सीमारेषेच्या आत तरी येऊ नये. या संकेताप्रमाणे पाहिलं तर गाण्याचा समीक्षक व्हायला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या गेवराई तालुक्यात सापडणार नाही. मी बी.कॉम. आहे, बँकेत क्लार्क आहे, आणि माझा आवाज नेमका कोणत्या पट्टीत आहे हे शोधून काढण्याचे आजवरचे सर्व प्रयत्न संबंधितांनी अर्ध्यावर सोडून दिलेले आहेत. तेव्हा कराओके या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आपोआप पोचतो.

अधिकाराचा प्रश्न मिटला. आता गरजेचा. सिनेमा आला की दुसऱ्या दिवशी त्याला तारे मिळतात. नाटकाला परीक्षण मिळतं. पुस्तकाला परिचय मिळतो, तोही बऱ्याचदा पुस्तक न वाचता. पण गावोगाव गणपतीत, हळदीत, वाढदिवसात आणि निवृत्तीच्या समारंभात जो कराओके ऐकावा लागतो, त्यावर कोणी अवाक्षर लिहीत नाही. कारण उघड आहे. गाणारा आपल्या ओळखीचा असतो, बहुधा आपल्याच गल्लीत राहतो, आणि त्याच्या पाठोपाठ आपलाच नंबर असण्याची शक्यता असते. स्वतःचा नंबर लागायचा असला की माणूस फार उदार समीक्षक होतो. माझा नंबर कधीच लागायचा नसल्यामुळे मी हे काम निर्भयपणे करू शकतो.

आमच्या उमापूरला गाण्याची ददात कधीच नव्हती. सप्ताह बसला की सात दिवस टाळमृदंग खाली ठेवला जात नाही. लग्नसराईत बँड आहे, पोळ्याला हलगी आहे, आणि ज्यांना यातलं काहीच नको त्यांच्यासाठी शेजारच्याचा मोबाइल आहे. त्यात गेल्या काही वर्षांत कराओकेची भर पडली. त्याचा संसार आटोपशीर आहे. एक लॅपटॉप. दिवसा तो पीकविम्याचे फॉर्म भरतो आणि सातबारे काढतो, रात्री गाणी वाजवतो. त्याची आकड्यांची बटणं लोकांच्या आधार क्रमांकांनी पार गुळगुळीत झालेली आहेत. लॅपटॉपला एक मिक्सर, मिक्सरला एक अँप्लिफायर, दोन खोके-स्पीकर आणि दोन माइक, पैकी एक बोलणारा आणि एक खरखरणारा. शब्द दिसायला कोणाच्या तरी बैठकीतून उचलून आणलेला टीव्ही. आणि हा सगळा डोलारा चालवणारा पोरगा. दिवसा फॉर्म भरतानाही गाव त्याला 'ऑपरेटर' म्हणतं, रात्री गाणी लावतानाही 'ऑपरेटर'च म्हणतं. त्याचं खरं नाव त्याच्या आईला आणि निवडणूक आयोगाला ठाऊक असावं.

कराओके हा शब्द जपानी आहे. 'कारा' म्हणजे रिकामा, आणि 'ओके' हा ऑर्केस्ट्रा या शब्दाचा जपान्यांनी केलेला आखूड अवतार. दोन्ही मिळून रिकामा ऑर्केस्ट्रा. नाव ठेवावं तर असं प्रामाणिक. आपल्याकडे हे यंत्र निघालं असतं तर त्याला 'स्वरगंगा' म्हटलं असतं आणि उद्घाटनाला मंत्री बोलावला असता.

याचा शोध कोणी लावला यावर थोडे वाद आहेत. तोक्योच्या शिगेइची नेगिशी या गृहस्थांना कामावर गाणं म्हणायची सवय होती आणि एका सहकाऱ्याने त्यांची चेष्टा केली. मागे वाद्यं असती तर आपलं गाणं इतकं वाईट लागलं नसतं, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि १९६७ साली त्यांनी गाणाऱ्यासाठी एक पेटीच तयार केली. चेष्टेवर इतकं विधायक उत्तर देणारा माणूस शंभर वर्षं जगला, यात नवल नाही; २०२४ साली तो वारला. फिलिपिन्समधल्या रोबेर्तो देल रोसारिओ यांनी आपल्या यंत्राची पेटंटं १९८३ आणि १९८६ साली पदरात पाडून घेतली. पण जगात नाव झालं ते कोबे शहरातल्या दाइसुके इनोऊचं.

या इनोऊची हकिकत मला फार आवडते. तो मद्यालयांत वाद्य वाजवायचा. गिऱ्हाइकाने दोन पेले घेतले की त्याला गाणं येतं, हा अनुभव जपानातही आहे. गिऱ्हाईक गाऊ लागलं की इनोऊ त्याच्या मागोमाग वाजवायचा. एका कंपनीच्या मालकाला त्याची अशी सवय लागली की दुसऱ्या कोणाच्या वाजवण्यावर त्याला गाता येईना. एकदा हे मालक सहलीला निघाले आणि इनोऊला म्हणाले, चल. इनोऊला जाता येत नव्हतं. मग त्याने मालकांच्या पट्टीत आणि मालकांच्या लकबीने वाद्यं वाजवून एक टेप भरून दिली. मालक सहलीत त्या टेपवर गायले आणि खूश होऊन परत आले. त्यातून पुढे १९७१ साली नाणं टाकून वाजवायची यंत्रं निघाली. पहिली अकरा यंत्रं इनोऊने भाड्याने दिली, आणि पेटंट काही घेतलं नाही. कोणत्याही बँकेच्या कर्जसमितीपुढे हा माणूस पाच मिनिटं टिकला नसता. मात्र २००४ साली त्याला इग-नोबेल मिळालं, तेही शांततेचं, कारण एकमेकांना सहन करण्याची नवी रीत त्याने माणसांना शिकवली.

वाचकांनी या गोष्टीतला एक मुद्दा गाठीला बांधून ठेवावा. ती टेप एका साथीदाराने केली होती, आणि ती एकाच माणसासाठी होती. पुढे तो लागणार आहे.

टेपा गेल्या आणि फायली आल्या. फाइल हा शब्द आम्हा बँकवाल्यांना नवा नाही, पण या फायली धूळ धरत नाहीत. त्यातली मुख्य फाइल एमपी३. हे नाव १९९५ साली जर्मनीत ठरलं. तिचं तत्त्व असं की मोठा आवाज चालू असताना त्याच्याखाली दबलेला बारीक आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. मग तो साठवायचा कशाला? टाकून द्या. सीडीवर एका सेकंदाच्या गाण्याला १४११ किलोबिट लागतात, नेहमीच्या एमपी३ला १२८. म्हणजे साधारण अकरावा हिस्सा. चार मिनिटांचं गाणं चार एमबीत बसतं आणि एका जीबीत अडीचशे गाणी. आमच्या ऑपरेटरकडे ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आहे. त्यात आठ हजार गाणी मावतात. गावात गायली जातात ती पंचवीस.

नुसत्या एमपी३वर गाता येत नाही. शब्द दिसावे लागतात. त्यासाठी सीडीजी नावाची दुसरी फाइल असते. तिच्यात सूर अजिबात नसतो, फक्त सोळा रंगांतली शब्दांची चित्रं. ही दोन्ही भावंडं एकमेकांना नावावरून ओळखतात. दोघांचं नाव अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे. एकात जागा जास्त सुटली, की गाणं वाजतं आणि पडदा कोरा. मला या प्रकाराचं काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. आधार कार्डावर 'पांडुरंग' आणि पासबुकावर 'पांडूरंग' असलेल्या खातेदाराला मी रोज हेच समजावून सांगत असतो. आमच्याकडे त्याचं खातं बंद पडतं, इथे तोंड.

हल्ली चित्र आणि सूर एकाच व्हिडिओ फाइलमध्ये येतात, त्यामुळे नावांचा घोळ मिटला. पण शब्द लिहिणारा कोणत्या प्रांतातला असेल ते सांगता येत नाही. मराठी गाण्याचे शब्द पुष्कळदा रोमन लिपीत येतात. त्या लिपीत 'ळ' नाही. गावातली तरणी पोरं पडद्यावर दिसतं तेच गातात. एका भक्तिगीतात गळ्यात तुळशीचा माल घातलेला मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे.

आता सर्वांत गहन प्रश्न. मुळातल्या गाण्यातून गायक काढायचा कसा?

याचं जुनं तंत्र शुद्ध वाणिज्य शाखेचं आहे. स्टिरिओ गाण्याला दोन खाती असतात, डावं आणि उजवं. वाद्यं थोडी इकडे, थोडी तिकडे. गायकाचा आवाज मात्र दोन्ही खात्यांत सारखाच जमा. डाव्यातून उजवं वजा करा. जे दोन्हीकडे सारखं, ते शून्य. गायक गेला! पण मधोमध गायकाच्या शेजारी बहुधा ढोलक आणि बासही बसलेले असतात, ते बिचारे त्याच्याबरोबर जातात. आणि आमच्या गावात मागणी असलेली ती पंचवीस गाणी बहुतेक जुनी, म्हणजे मोनो. दोन्ही खात्यांत पै न् पै सारखी. वजाबाकी केली की गायक जातो, सतार जाते, व्हायोलिनं जातात, शिल्लक काहीच राहत नाही. जपान्यांच्या मनातला रिकामा ऑर्केस्ट्रा याहून शुद्ध स्वरूपात मिळणं शक्य नाही.

म्हणून अशा गाण्यांचे ट्रॅक वादक बसवून पुन्हा वाजवून घ्यावे लागतात. पुन्हा वाजवायला बसलं की कळतं, मूळचा ऑर्केस्ट्रा किती भरलेला होता. त्या काळच्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे गोव्याहून आलेली केवढी मंडळी होती! अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी चाळीस-चाळीस माणसांच्या वाजवण्याची मांडणी करायची, आणि त्यातली सत्तर व्हायोलिनाची बोटं आज एक सिंथेसायझरवाला दोन बोटांत उरकतो. मग नोव्हेंबर २०१९मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने 'स्प्लीटर' नावाचा प्रोग्राम सर्वांना खुला करून दिला. गाणी ऐकवून ऐकवून यंत्राला गळा कोणता आणि वाद्य कोणतं हे शिकवलेलं. तो मोनोतूनही गायक सोडवून काढतो. मात्र पुरता सोडवत नाही. आमचे कंपाउंडर मामा गाऊ लागले, की मागे फार लांबून रफीसाहेबांनी हुंदका दिल्यासारखा आवाज येतो. ऑपरेटर म्हणतो, तो मूळ आवाजाचा राहिलेला अंश आहे. मला ती प्रतिक्रिया वाटते.

इथवर जे लिहिलं ते परिचयापुरतं. आता टीका.

आपल्या भाषेत गाणाऱ्याच्या मागे वाजवणाऱ्याला साथीदार म्हणतात आणि त्याच्या वाजवण्याला साथ म्हणतात. संकटकाळी मिळते तीही साथ, म्हातारपणी लागते तीही साथ, आणि तबल्यावर होते तीही साथच. भाषेने हा एकच शब्द उगाच वापरलेला नाही. लॅपटॉपवर माझा आक्षेप एवढाच आहे, की तो साथ करत नाही. तो वाजतो.

उमापुरात भजनाला पेटी वाजवणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. तीस वर्षं गाव त्यांच्या पेटीवर गायलं. कंपाउंडर मामांची एक खोड आहे. अंतरा आला की मामा दोन मात्रा आधी शिरतात. एसटीत जागा धरायला शिरावं तसे. गुरुजींना हे ठाऊक असल्यामुळे ते मामांच्याही आधी आत जाऊन बसलेले असायचे. मामा समेच्या आसपास कुठे तरी पोचले, की तबल्यावरचा पोरगा गुरुजींकडे बघायचा, गुरुजी एक भुवई वर करायचे, आणि सम उचलून मामा जिथे असतील तिथे नेऊन ठेवली जायची. गावाला वाटायचं, मामा तालाला पक्के आहेत. मामांनाही तसंच वाटायचं.

हे तीस वर्षांचं गुपित लॅपटॉपने चार मिनिटांत फोडलं. पहिल्याच रात्री मामा शिरस्त्याप्रमाणे दोन मात्रा आधी शिरले. लॅपटॉप आपल्या जागी. मामा गोंधळून थांबले, तोवर लॅपटॉप पुढे. मामा धावले, तर लॅपटॉपने मधलं संगीत सुरू केलं. दोघांची गाठ पडली ती अगदी शेवटी, वाद्यं संपून सामसूम झाल्यावर.

"ह्याला तालच न्हाई," माइक खाली ठेवत मामा म्हणाले.

"मामा, कॉम्प्युटर चुकत नसतो," ऑपरेटर म्हणाला.

"न चुकणाऱ्यासंगं गाता येत नसतंय बाबा," मामा म्हणाले आणि चपला शोधायला गेले.

कराओकेवर याहून नेमकी टीका माझ्या वाचनात नाही. कीर्तनात बुवा दम घ्यायला थांबले, की टाळकरी ध्रुपद उचलतात. बुवांचा श्वास पुरता होईस्तोवर ते खाली ठेवत नाहीत. बालगंधर्वांच्या गळ्याबद्दल काही बोलायला नको, पण त्यांनाही अहमदजान थिरकवा तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला लागत. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीवर कर्ज झालं त्याची कारणं अनेक, पण साथीदारांत काटकसर हे त्यांतलं नव्हे. एकाच पदाला पुन्हा पुन्हा वन्समोअर मिळायचा, आणि दर वेळी पद निराळं व्हायचं, कारण मागची माणसं जिवंत होती. लॅपटॉपलाही वन्समोअर देता येतो. तो पहिल्या पावतीची झेरॉक्स देतो.

हे दुःख गाण्यापुरतं असतं तर मी एवढी शाई खर्च केली नसती. पूर्वी आमच्याकडे वेळ संपल्यावर पाच मिनिटांनी एखादी म्हातारी धापा टाकत आली, तर कॅशियर घड्याळाकडे न बघता तिचे पैसे देत असे. तीही साथच होती. आता आम्ही काचेमागून सांगतो, "आजी, सिस्टीम घेत नाही." सिस्टीम चुकत नाही, हे खरंच आहे. पण आजी परत जाते, हेही खरं.

लेख इथे संपवला असता तर तो निवृत्तांच्या एखाद्या विशेषांकात सहज खपला असता. पण जमाखर्चाला दुसरी बाजू असते, ती न बघता सही करायची मला सवय नाही. 'गाव' गुरुजींच्या पेटीवर गायलं, म्हणजे नेमकं कोण गायलं? मोजून अकरा पुरुष, आणि त्यांतले चार एकाच भावकीतले. बाकीच्यांना कोणी मनाई केली नव्हती. फक्त कोणी बोलावलं नव्हतं. बाया जात्यावर गायच्या, ती जाती गिरणीने बंद केली. ऊसतोडीला जाणारे सहा महिने गावातच नसायचे. पेटीपुढे बसायचं तर आधी गुरुजींना माणूस पसंत पडावा लागे, मग तबलेवाल्याला, मग भजनी मंडळाला. लॅपटॉपला कोणी पसंत-नापसंत नाही. नाव सांगा, गाणं सांगा, माइक घ्या. त्याने ट्रॅक्टरवाला गायला, कीटकनाशकाचा दुकानदार गायला, आणि कारखान्यावरून परतलेला मुकादम तर असा गायला, की त्याच्याकडून उचल घेतलेले दोघे डोळे पुसत होते. हुंदका गाण्याचा होता की उचलीचा, ते मी विचारलं नाही.

आणि अंगणवाडीच्या ताई गायल्या.

गणपतीची पाचवी रात्र होती. वीस वर्षं तीन वर्षांच्या पोरांसमोर हातवारे करून बडबडगीतं म्हणणाऱ्या या ताईंनी लताबाईंचं गाणं मागितलं. मूळ गाणं काळी चारमध्ये, ट्रॅकही काळी चारमध्ये. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीत सूर वर जायचा होता, तिथे ताईंचा आवाज फाटला. पुढच्या रांगेतली पोरं हसली. ती अंगणवाडीचीच पोरं. ताईंनी माइक खाली केला. ऑपरेटरने हात पुढे करून पुढचं गाणं लावायला घेतलं.

गुरुजी तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. लॅपटॉप गावात आल्यापासून ते त्याच्याशी बोलत नव्हते. ते उठले आणि थेट टेबलापाशी गेले.

"थांब. ताईंची पट्टी ही नाही. खाली घे."

"किती खाली, गुरुजी?"

"पांढरी तीन."

ऑपरेटर गोंधळला. त्याच्या पडद्यावर काळी-पांढरी नव्हती, नुसतं अधिक आणि उणे होतं. गुरुजींनी टेबलाच्या कडेवर बोटं ठेवली, पेटीवर ठेवतात तशी, आणि मोजू लागले. "पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन. चार सूर."

"मग उणे चार," ऑपरेटर म्हणाला.

"ते तुझं तू बघ," गुरुजी म्हणाले.

इथे मला डिजिटल फाइलचं एक सुकृत जमेला धरलं पाहिजे. जुन्या टेपवर गाणं चार सूर खाली आणायचं तर टेपच सावकाश फिरवावी लागली असती. गाणं पाचव्या हिश्श्याने मंदावून अंगाईगीत झालं असतं. फाइलमध्ये पट्टी आणि लय ही दोन वेगळी खाती आहेत. एकातून काढलं तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. लय तीच राहिली, पट्टी खाली आली, आणि ताईंनी गाणं पुन्हा धरलं. वरच्या सुरापाशी त्या एकदा अडखळल्या, पण पोचल्या. मधलं संगीत संपताना त्यांना शिरायला उशीर झाला. गुरुजींनी सवयीने एक भुवई वर केली. ऑपरेटर त्या वेळी योगायोगाने गुरुजींच्या तोंडाकडे बघत होता. त्याने बोटाने संगीत आठ मात्रा मागे ओढलं. जोड थोडा ऐकू आला, पण ताई आत शिरल्या. लॅपटॉप थांबला होता. म्हणजे त्याला थांबवलं होतं.

ते गाणं आकाशवाणीने घेतलं असतं असं मी म्हणणार नाही. पण ते शेवटापर्यंत गेलं, आणि शेवटी पहिली टाळी ताईंच्या सासूबाईंनी वाजवली. उमापुरात संगीत विशारदापेक्षा ही पदवी वरची समजतात.

तेव्हा माझी टीका लॅपटॉपवर नसून तो चालवणाऱ्यावर आहे, आणि ती मी मुद्देसूद करतो. चालवणारे बहुतेक गाणाऱ्याकडे पाठ करून आणि स्वतःच्या मोबाइलकडे तोंड करून बसतात. त्यांनी गाणाऱ्याचं तोंड दिसेल असं बसावं. इनोऊ तसाच बसायचा. गाणं सुरू करण्याआधी दोन ओळी गुणगुणून घेऊन पट्टी ठरवावी. माइकचा आवाज ब्लूटूथने पाठवू नये. ब्लूटूथने आवाज सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही उशिरा पोचतो, त्यामुळे गाणाऱ्याला आपलाच आवाज मागून ऐकू येतो आणि तो स्वतःची वाट बघत थांबतो. चांगली जाड वायर लावावी. चार्जर लावल्यावर स्पीकर भुंग्यासारखा गुणगुणू लागला तर गाण्यापुरता चार्जर काढावा. दिवसाच्या कामाचे सगळे निरोप रात्री बंद करावेत; विरहाच्या गाण्यात ऐन अंतऱ्याला पीकविम्याचा फॉर्म नामंजूर झाल्याची घंटा वाजू नये. एको बेतानं घालावा. तो पोह्यांवरच्या खोबऱ्यासारखा आहे, खाली पोहे आहेत हे कळलं पाहिजे. आणि आवाज फाटला म्हणून कोणाचं गाणं मध्येच तोडू नये. आवाज फाटतो तो बहुधा पट्टीमुळे, आणि पट्टी गाणाऱ्याने निवडलेली नसते.

एवढं केलं तर रिकाम्या ऑर्केस्ट्रात एक माणूस बसतो. एक पुरतो.

आमच्याकडे तो बसू लागला आहे. हल्ली टेबलामागे दोन खुर्च्या असतात. एकीवर ऑपरेटर आणि दुसरीवर गुरुजी. गुरुजी अजूनही लॅपटॉपला हात लावत नाहीत, नुसती भुवई वर-खाली करतात. ऑपरेटरच्या पेनड्राइव्हमध्ये गाण्यांच्या नावापुढे आता माणसांची नावं येऊ लागली आहेत. ताईंचं गाणं वेगळं, मुकादमाचं वेगळं, प्रत्येकाच्या पट्टीत ठेवलेलं. कंपाउंडर मामांच्या नावाचीही एक फाइल आहे. ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये घालून गुरुजींच्या देखरेखीखाली तिच्यातून प्रत्येक अंतऱ्याआधीच्या दोन मात्रा कापून टाकल्या आहेत. मामांना यातलं काही सांगितलेलं नाही.

परवा मामा पैसे काढायला बँकेत आले होते. स्लिप भरता भरता मला म्हणाले, "सायेब, तुमी गाण्यावर लिहायलात म्हणं. मग एक लिहा. लॅपटॉप पहिल्यापरीस लई सुधारलाय. आता तालात वाजतोय."